माझ्या नावाचा गेंद

माझ्या नावाची एक वनस्पती होती. वनस्पती अजून आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या बाजूच्या एका पठारावर दर पावसाळ्याच्या शेवटी उगवते आणि दिवाळीनंतर वाळून जाते. नाव तेवढं गेलं. ते मिळालं तेव्हा मला लाज वाटली होती, आणि गेलं तेव्हा त्याहून जास्त वाटली. मधल्या वर्षांत मी नोकरी केली.

‘नावाची वनस्पती’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गुलाब येतो. आमच्या शेजारच्या काकू तर रिकामी कुंडी घेऊनच आल्या होत्या, “एक फांदी दे गं लावायला.” माझी वनस्पती म्हणजे वीतभर काडी आणि तिच्या टोकावर शर्टाच्या गुंडीएवढं पांढरं डोकं. मराठीत त्याला गेंद म्हणतात. पाणथळ पठारांवर असे हजारो गेंद एकदम फुलतात, आणि लांबून पाहिलं तर कुणीतरी साबुदाणा सांडून गेल्यासारखं वाटतं. त्यांच्या पुष्कळ जाती आहेत आणि साध्या डोळ्याला त्यातल्या बहुतेक सारख्याच दिसतात. कोणती कुठली हे ठरवायचं तर डोकं उकलून आतली बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. ती बी मोहरीहूनही कितीतरी लहान असते. शिंक आली तर दिवसाचं काम गेलं.

नाशिकमधल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचं हर्बेरियम मी सांभाळते. आणीबाणी उठली त्या सुमारास लागले. बी.एस्सी. झाले होते, पण मला घेतलं ते त्यासाठी नाही. मुलाखतीत आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे हेडसरांनी, दोनच प्रश्न विचारले. “कॉन्व्हेंटला होता ना?” मी मान हलवली. “टायपिंग?” पुन्हा मान हलवली. “बोलता येतं ना पण?” असा तिसराही विचारला, पण उत्तराची वाट पाहिली नाही.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांची कपाटं. रानातून झाड आणायचं, टिपकागदांत घालून लाकडी चौकटीत पट्ट्यानं आवळायचं, रोज कागद बदलायचे. वाळलं की विषात बुडवायचं, म्हणजे कसर लागत नाही, आणि मग जाड पांढऱ्या कागदावर सुई-दोऱ्यानं शिवायचं. उजव्या कोपऱ्यात लेबल: कुठं मिळालं, कधी, कुणी गोळा केलं. तो कागद म्हणजे शीट. नीट ठेवलं तर शीट माणसापेक्षा जास्त जगतं. आमच्या खोलीला डांबरगोळ्यांचा वास येतो आणि तो माझ्या साड्यांनाही येतो. आई म्हणते, तुला वेगळं कपाट नको, तूच कपाट आहेस.

या कपाटांकडे कोण येतं असं लोक विचारतात. एक हवालदार आले होते, जेवणाच्या डब्यात चार वाळकी पानं आणि थोडं वरण घेऊन. “यातलं विष कोणतं ते सांगा, वरण नका फेकू, तो मुद्देमाल आहे.” पानं अळूची होती. वरणात काय होतं ते मला कळणार नव्हतं, पण हवालदार तासभर बसून राहिले. त्यांना वाटत होतं की मी काहीतरी लपवते आहे. निफाडचे एक द्राक्षबागायतदार दर वर्षी तेच एक तण घेऊन येत. मी दर वर्षी तेच नाव लिहून देई. शेवटी एकदा ते म्हणाले, “नाव लय भारी हाय मॅडम, पण ते मरत का नाय?”

नाव कशाला लागतं, हे मला त्यांना नीट सांगता आलं नाही. इथं सांगून बघते. एकाच झाडाला निफाडला एक नाव, सटाण्याला दुसरं, आणि गुजरातेत उतरलं की तिसरं. म्हणून सगळ्या देशांच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिळून नियम केले: प्रत्येक जातीला लॅटिनमध्ये एकच नाव, आणि ज्यानं ते आधी छापलं त्याचं खरं. नाव नुसत्या वर्णनाला चिकटत नाही, एका शीटला चिकटतं. त्या शीटला टाईप म्हणतात. उद्या भांडण झालं तर जगात कुठंही असलेलं ते एक शीट काढून बघायचं. म्हणून शीटं फिरत असतात. एकाच वेळी गोळा केलेल्या झाडाच्या जादा प्रती आपण परदेशी पाठवायच्या, तिकडून त्यांच्या यायच्या. ज्या देशांची एकमेकांशी बोलणी बंद आहेत, त्यांची गवतं आमच्या कपाटात शेजारी शेजारी असतात.

या कामात एक रीत आहे, तिचा पुढे संबंध येणार आहे. शीटवरचं नाव चुकलं आहे असं वाटलं तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायचीही नाही. आपली चिठ्ठी तिच्याखाली चिकटवायची, नाव आणि सही करून. चुका जागेवर राहतात.

आता गायकवाड सर. ते आमच्याकडे व्याख्याते होते, माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठे. निफाडजवळच्या खेड्यातले. त्यांचे वडील साखर कारखान्यात कामगार होते आणि छप्पन साली सगळं घर बौद्ध झालं, हे ते स्वतःच पहिल्या भेटीत सांगत, म्हणजे समोरच्याला मागाहून चौकशी करायचे कष्ट पडत नाहीत. शिक्षण मराठीतून झालं होतं. इंग्रजी शास्त्रीय पुस्तकं ते झपाझप वाचत, पण लिहायची वेळ आली की हात थांबे. चालण्यात त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. आणि जीभ तिखट. मला ते ‘बाई’ म्हणत. मी फारशी बोलत नाही हे पाहून पहिल्या आठवड्यातच म्हणाले, “बाई, तुम्ही हर्बेरियमला अगदी योग्य आहात. कपाटातले आणि तुम्ही एकमेकांना त्रास देणार नाही.”

गोळा करणाऱ्याचा प्रत्येक नमुन्याला एक नंबर असतो, आणि तो आयुष्यभर त्याच माळेत पुढे चालतो. हेडसरांचं म्हणणं होतं, लेबलवर प्रमुखांचं नाव असावं, ‘आणि सहकारी’. गायकवाड सर त्यांच्या टेबलापुढे उभे राहिले. मी शेजारी टाईप करत होते.

“सर, पेठच्या चढावर आपण होता का?”

“अहो, विभागाचा प्रश्न आहे.”

“मग विभागाच्या पायांचे फोड दाखवा. नंबर माझा, नाव माझं. नसेल तर मी उद्यापासून वर्गात फळ्यावरची झाडं शिकवतो.”

हेडसर चिडले, पण गोळा केलेलं झाड गायकवाड सरांशिवाय दुसरं कुणी आणणार नव्हतं. मी लेबलं ‘गायकवाड’ म्हणून टाईप केली.

पेठच्या पठारावरचा तो गेंद त्यांनीच आणला. नंबर चारशे बारा. बी बघून त्यांना शंका आली. आमच्या पुस्तकांतल्या कुठल्याच गेंदाच्या बीवर अशा आखूड, बोथट केसांच्या ओळी नव्हत्या. आठवडाभर ते सूक्ष्मदर्शकावरून उठले नाहीत. मग म्हणाले, “बाई, हे कुणाला तरी दाखवायला पाहिजे. जगात गेंदांवर कोण बसलंय?”

स्वीडनमध्ये एक वृद्ध प्राध्यापक बसले होते. गायकवाड सरांनी त्यांचं नाव ‘तात्या’ ठेवलं. तात्यांना पत्र लिहायचं ठरलं. सर खोलीत येरझाऱ्या घालत मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत टाईप करी. “लिहा त्यांना, बीच्या रेघा आडव्या आहेत, पण केस टोकाला फुटलेले नाहीत म्हणावं. जवळच्या जातीत फुटतात. दोन्हीचं चित्र सोबत आहे.” मी लिहिलं. कागद काढून सहीसाठी पुढे केला.

“मी नाही सही करणार.”

“का सर?”

“हे इंग्रजी माझं नाही. खाली मी सही केली तर यांना वाटेल गायकवाडला असं लिहिता येतं. उद्या समोर आले आणि बोलायला लागले तर? ज्यानं लिहिलं त्यानं सही करावी.”

“पण मजकूर तुमचा आहे.”

“मजकूर बीचा आहे. करा सही.”

मला वाद घालता येत नाही. मी सही केली: शुभदा कर्णिक. तशी सहा-सात पत्रं गेली असतील, वाळलेले गेंद गेले, चित्रं गेली. तात्यांची उत्तरं माझ्या नावानं येत, मी ती वाचून दाखवी, सर हसत, भांडत, पुढचं सांगत. शेवटच्या पत्रात तात्यांनी माझ्या पहिल्या नावाचं स्पेलिंग विचारलं होतं. मी वाचून दाखवलं. सर म्हणाले, “म्हातारा ग्रीटिंग पाठवणार दिसतंय.” आम्हा दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही. मी ते कळवून टाकलं.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी पाकीट आलं. आत छापील लेखाच्या प्रती. नवी जात. तिचं नाव माझ्या नावावरून. खाली इंग्रजीत दोन ओळी: ‘नाशिकच्या कुमारी कर्णिक यांच्या सन्मानार्थ, ज्यांनी बियांचं असाधारण अचूक निरीक्षण करून ही जात वेगळी असल्याचं प्रथम ओळखलं.’ त्याच्याही खाली बारीक टाईपात: ‘टाईप: पेठ तालुका, गायकवाड ४१२.’

गायकवाड सर तास संपवून आले, हात खडूनं पांढरे. मी प्रत पुढे केली. त्यांनी वाचली. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांच्या हातांकडे बघत होते. कागदावर खडूचा एक अंगठा उमटला.

“चारशे बारा आलंय,” ते म्हणाले. “नंबर बरोबर छापलाय म्हाताऱ्यानं.”

मला त्यावेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “चहा सांगू?”

हेडसरांना आकाश ठेंगणं झालं. कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. शाल, नारळ, प्राचार्य, आणि वनस्पतीची ओळख करून द्यायला गायकवाड सर, कारण दुसऱ्या कुणाला ती वनस्पती माहीतच नव्हती. आई-बाबा पहिल्या रांगेत होते. आईनं येवल्याची पैठणी नेसली होती, लग्नासाठी ठेवलेली. माझ्या लग्नासाठी.

सर बोलायला उभे राहिले. बी, केस, पठार, सगळं सांगितलं, आपण स्वतः कुठं होतो तेवढं सोडून. मग म्हणाले, “बाईंचं नाव या गेंदाला शोभून दिसतं. दोघंही कुणाच्या अध्यात-मध्यात नाहीत. दोघंही खाली पाणी असेल तरच उभी राहतात.” सभागृह हसलं. मलाही हसावं लागलं. मग मला बोलायला सांगितलं. मी ठरवलं होतं, चार वाक्यं पाठ केली होती: हे गायकवाड सरांचं काम आहे, मी फक्त पत्रं लिहिली. उभी राहिले, समोर एवढे चेहरे, आणि तोंडातून फक्त “थँक यू” आलं. इंग्रजीतच आलं. टाळ्या झाल्या. मी विनयशील आहे असं सगळ्यांचं मत झालं.

बोलता येत नसलं तरी लिहिता येतं. मी त्याच आठवड्यात तात्यांना सगळं कळवलं. ओळखणारे गायकवाड, मी टायपिस्ट. कृपा करून नाव बदला. त्यांचं उत्तर आलं ते हातानं लिहिलेलं होतं आणि अक्षर थरथरतं होतं. त्यांना फार वाईट वाटलं होतं. पण नियम असा आहे की नाव एकदा रीतसर छापलं की ते अयोग्य आहे म्हणून कुणालाही मागं घेता येत नाही. ज्यानं दिलं त्यालाही नाही. पुढची नवी जात सापडली की ती गायकवाडांच्या नावानं करीन असं त्यांनी लिहिलं होतं. पुढची जात सापडायच्या आत ते वारले.

ते पत्र मी सरांना मराठीत वाचून दाखवलं.

“म्हणजे सुप्रीम कोर्टातही जाता येत नाही?”

“नाही सर.”

“कमाल आहे. माझ्या बापानं एका दिवसात धर्म बदलला, बाई. देव बदलले, सण बदलले. आणि या काडीचं नाव बदलता येत नाही म्हणता.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “जाऊ द्या. रडू नका. शीट भिजेल.”

त्यांनी तो विषय नंतर काढला नाही, असं लिहिलं तर बरं दिसलं असतं. त्यांनी तो दर चार दिवसांनी काढला. पेठहून गेंद आला की हाक मारत, “बाई, तुमचे नातेवाईक आलेत.” पावसानं ओढ दिली की, “तुमच्या घरच्यांची काळजी वाटते.” त्यात राग किती आणि थट्टा किती हे मला कधी मोजता आलं नाही. मी ऐकून घेई. मला ते ऐकायला बरंच वाटे. निदान कुणीतरी म्हणत होतं. बाकी सगळे अभिनंदन करत होते. सर्वांत वाईट म्हणजे शीटांवर नाव लिहायचं काम माझंच. माझ्याच हस्ताक्षरात माझं नाव, लॅटिन शेपूट लावलेलं, वर्षानुवर्षं. चोरीच्या मालावर आपलंच नाव घालत बसावं तसं.

यानंतर काही वर्षांनी बुडापेस्टहून पत्र आलं. तिथल्या एक बाई आशियातल्या सगळ्या गेंदांचा नव्यानं अभ्यास करत होत्या. त्यांना एका जुन्या संग्रहालयात ब्रह्मदेशातून गेल्या शतकात आणलेला गेंद सापडला होता, त्याला तेव्हाच छापून दिलेलं नाव होतं, आणि आमचा गेंद तोच असावा अशी त्यांना शंका होती. तसं असलं तर जुनं नाव खरं, माझं नाव त्याच्या पोटात जाणार. त्यांना परस्पर छापता आलं असतं. पण त्यांनी लिहिलं होतं: ‘हे नाव तुमच्या सन्मानार्थ असल्यानं लिहिताना संकोच वाटतो. एकच फरक उरतो तो बीवरच्या केसांचा. मूळ जागेवरची पक्व बी तुम्ही स्वतः पाहून कळवलंत तर मी तुमचा निर्णय मानीन.’ सोबत ब्रह्मदेशातल्या बीचे मोठे केलेले फोटो होते. केस लांब, टोकाला दुभंगलेले.

मी पत्र घेऊन सरांकडे गेले. या वेळी मी सगळं नीट समजावून सांगितलं, कारण यात काय जाणार आहे हे मला दिसत होतं. माझं नाव गेलं तर चारशे बाराही गेलं. नवी जातच उरली नाही तर तिचा टाईप कसला? जगाच्या पुस्तकात सरांचं जे काही होतं ते त्या बारीक टाईपातल्या एका ओळीत होतं.

सरांनी फोटो उलटसुलट करून पाहिले. “आपले केस आखूड आहेत. फरक आहे.”

“पक्व बी बघा म्हणतात.”

“आपली पक्व नव्हती?”

मी तारीख सांगितली. चारशे बारा सप्टेंबरातलं होतं. गेंद फुललेले छान दिसतात तेव्हाचं; कॉलेज चालू असतं, सहल निघते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पठारावर कोण जातं? तेव्हा तिथं वाळक्या काड्यांशिवाय काही नसतं.

“जाऊ या,” सर म्हणाले.

दिवाळी झाल्यावर एस.टी.नं पेठला गेलो आणि तिथून चालत. हेडसरांना सांगितलं नव्हतं. पठार पिवळं पडलं होतं, पावसाळ्यात जिथं पाय रुतत तिथं माती तडकली होती. कडेला नागलीची कापणी चालली होती. एक म्हातारे शेतकरी कापणी थांबवून आमच्याकडे आले. आम्ही दोघं उकिडवी बसून वाळक्या काड्या पाकिटांत भरत होतो.

“गुरं पण खात नाय ते,” ते म्हणाले.

“आमच्या या मॅडमच्या नावाचं आहे बाबा,” सर म्हणाले.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “मंग घेऊन जा,” ते म्हणाले आणि परत कापणीला लागले.

सर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. परतीच्या वाटेवर ते खूप बोलत होते. दुष्काळात शाळेला कसे चालत जात ते, आणि चारशे बारा सापडलं त्या दिवशी जळू कुठं लागली होती ते. “फरक निघणार बघा. ब्रह्मदेश कुठं, पेठ कुठं.” मी होय म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा एकच विचार चालला होता: निघू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बी मी काढली, कारण माझे हात हलके आहेत. काचपट्टीवर ठेवली आणि बघितली. केस लांब होते. टोकाला स्वच्छ दुभंगलेले. दुसरी बी बघितली, तिसरी बघितली. शेजारी बुडापेस्टचा फोटो होता. कच्चेपणी आखूड असणारे केस बी पिकली की वाढतात आणि टोकाला फुटतात, एवढंच होतं. सरांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं, पण कच्च्या बीवर पाहिलं होतं. तात्यांकडेही आम्ही पाठवलेलीच बी होती.

मी स्टूल सरकवून सरांना जागा करून दिली. ते बसले. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. फोटो ओढून घेतला, पुन्हा बघितलं. मग मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“हसताय, बाई?”

मी हसत होते हे मला माहीत नव्हतं. मला तेवढ्यानं इतकं हलकं वाटलं होतं की ते चेहऱ्यावर येऊन बसलं होतं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि ते ज्यांच्या डोक्यावर पडलं ते समोर बसले होते. मी “नाही सर” म्हणाले. चेहरा सरळ करायला गेले, तर तो कसा करतात तेच आठवेना.

“सुटलात तुम्ही,” ते म्हणाले. आवाज साधा होता. त्यात थट्टा नव्हती, म्हणून जास्त लागला. “आणा ते शीट.”

मी आमच्याकडची चारशे बाराची जादा प्रत आणली. वर तात्यांनी पाठवलेली, त्यांच्या हातची चिठ्ठी, माझं नाव असलेली. सरांनी नवी चिठ्ठी घेतली आणि सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात, ब्रह्मदेशातल्या गेंदाचं जुनं नाव लिहिलं. खाली स्वतःची सही. डिंक लावला, बोटानं दाबून धरली.

“सर, थांबून बघायचं का? अजून काही बिया—”

“तीन बघितल्या ना तुम्ही? मी पाच बघितल्या. आठ बिया खोटं बोलतात का?”

“बुडापेस्टला काय लिहू?”

“तुम्ही नका लिहू. मी लिहितो.”

त्यांनी टाईपरायटर आपल्या टेबलावर ओढला आणि दोन बोटांनी ठोकत बसले. मधली सुट्टी झाली, घंटा झाली, ते उठले नाहीत. एक पान झालं. मी न राहवून म्हणाले, “तपासून देऊ?”

“नको. चूक असेल तर माझीच राहू द्या. आपल्याकडे रीतच आहे ना तशी.” आणि खाली सही केली.

तिकडून उत्तर आलं ते त्यांच्या नावानं, ‘डॉक्टर गायकवाड’ म्हणून. ते डॉक्टर नाहीत. त्यांनी ते दुरुस्त करून कळवलं आणि तेही स्वतःच. त्या बाईंच्या लेखात आता जुन्या नावाखाली, पोटात गेलेल्या नावांत, बारीक तिरप्या अक्षरांत मी आहे. चारशे बारा माझ्या पाठोपाठ आहे. टाईप नावासोबत बुडतो. आभारांत गायकवाड सरांचा उल्लेख आहे, की मूळ नमुना गोळा करणाऱ्यानं स्वतःच आपल्या नमुन्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा पाठवला. हेडसरांनी तो लेख सूचनाफलकावर लावला नाही.

सर आता दर वर्षी दिवाळीनंतर पठारांवर जातात, वाळके गेंद आणतात. बी मी काढते. ‘नातेवाईक’ हा शब्द त्यांनी टाकून दिला आहे, आणि मला तो ऐकू येत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

ते शीट विद्यार्थ्यांना दाखवावं लागतं, कारण एका शीटवर दोन चिठ्ठ्या कशा असतात याचं ते चांगलं उदाहरण आहे. मुलांना मी कर्णिक मॅडम म्हणूनच माहीत आहे. या वर्षी एका मुलीनं वरची चिठ्ठी अक्षर लावत वाचली आणि विचारलं, “मॅडम, या शुभदा कोण होत्या?”

मी म्हणाले, “खालची चिठ्ठी वाच. ती बरोबर आहे.”

“हो, पण या कोण होत्या?”

गायकवाड सर मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसले होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

“इथंच असायच्या,” ते डोकं वर न करता म्हणाले. “पत्रं लिहायच्या. इंग्रजी फार छान होतं.”

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं.